समन्स वडिलांनी घेतलं, तर दिवस कधीपासून मोजायचे?

प्रश्न: मी चिंचवडला राहते, वय २५. इंजिनिअरिंग झाल्यावर हिंजवडीतल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. रुजू होताना १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर बॉण्ड लिहून घेतला : तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर चार लाख रुपये भरायचे. डिग्रीचं मूळ प्रमाणपत्र, सगळ्या मार्कशीट आणि सही केलेले दोन कोरे चेकही ठेवून घेतले. पहिले सहा आठवडे ट्रेनिंग ऑफिसातच झालं, आमचेच सीनिअर शिकवायचे. पगार ३८ हजार. २५ महिने काम करून, दोन महिन्यांची नोटीस पूर्ण भरून यंदा जानेवारीअखेर मी नोकरी सोडली. शेवटच्या महिन्याचा पगार, रिलीव्हिंग लेटर, कागदपत्रं यातलं काहीच मिळालं नाही. मध्ये त्यांच्या वकिलाची नोटीस आली होती, ती घाबरून तशीच ठेवून दिली. आता ४ जूनला कोर्टाचा बेलिफ घरी आला. मी कामावर होते, वडिलांनी सही करून समन्स घेतलं. दावा चार लाखांचा, वर १८ टक्के व्याज. पुण्याच्या कोर्टात १६ जुलैची तारीख आहे. मला अटक होईल का? चार लाख भरावेच लागतील का? माझा पगार आणि डिग्री कशी मिळेल? मैत्रीण म्हणते, समन्स तुझ्या हातात दिलेलं नाही, गप्प बस.

उत्तर: मैत्रिणीचं ऐकू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. प्रतिवादी घरी नसेल आणि सोबत राहणाऱ्या घरातल्या प्रौढ माणसाने समन्स घेतलं, तर ते तुम्हालाच बजावलं गेलं असं दिवाणी प्रक्रिया संहिता मानते. (घरातला नोकर मात्र यात धरत नाहीत.) म्हणजे तुमचे दिवस ४ जूनपासूनच चालू झाले. कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. ४ जून सोडून मोजलं तर ४ जुलै हा तिसावा दिवस. समन्सवरची १६ जुलै ही कोर्टात हजर राहायची तारीख आहे, कैफियतीची मुदत त्याआधीच संपते. बहुतेक लोक इथेच फसतात. ते १५ जुलैला वकील शोधायला निघतात.

त्याहूनही आधी एक गोष्ट बघा. समन्सवर किंवा वादपत्राच्या (कंपनीने कोर्टात दिलेल्या लेखी दाव्याच्या) पहिल्या पानावर ‘ऑर्डर ३७’, ‘समरी सूट’ किंवा ‘संक्षिप्त दावा’ असं काही लिहिलंय का? असेल तर गणित पार बदलतं. त्यात १० दिवसांत फक्त ‘मी हजर आहे’ एवढी नोंद आणि आपला पत्ता द्यायचा असतो. मग वादी दुसरं समन्स बजावतो आणि त्यानंतर १० दिवसांत ‘मला बचाव करू द्या’ असा अर्ज शपथपत्रासह करावा लागतो. परवानगी मिळाली तरच कैफियत. पहिले १० दिवस उलटून गेले असले तर उशीर माफ करायचा अर्ज त्याच दिवशी द्या, सबळ कारण पटलं तर कोर्ट माफ करतं. खरं तर बॉण्डची नुकसानभरपाई ही अशा दाव्याच्या चौकटीत बसणारं ठरीव देणं नव्हे, आणि बचावाच्या अर्जात हाच पहिला मुद्दा घ्यायचा. पण तो घ्यायला हजर तर असायला हवं.

साधा दावा असेल असं धरून पुढे जाऊ. वकीलपत्र दाखल करा, वादपत्र आणि त्यासोबतच्या सगळ्या दस्तऐवजांच्या प्रती मागून घ्या. समन्ससोबत वादपत्राची प्रत असायलाच हवी, नसेल तर तसं लेखी नोंदवा. दाव्याचा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढच्या तारखा तुम्हाला स्वतःला दिसतील, वकिलाच्या फोनची वाट बघावी लागणार नाही. फी परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. पुरुष वाचकांना उत्पन्न मर्यादेत बसावं लागतं, किंवा कायद्यातल्या दुसऱ्या एखाद्या गटात. औद्योगिक कामगार हा असा एक गट आहे. १५१०० या क्रमांकावर चौकशी होते.

३० दिवसांत कैफियत झाली नाही तर कारण दाखवून मुदत वाढवून घेता येते, पण कायद्याने सांगितलेली कड बजावणीपासून ९० दिवसांची. साध्या दाव्यात त्यानंतरही क्वचित परवानगी मिळते, ती कोर्टाच्या मर्जीवर आणि बहुधा खर्च भरून. काहीच न केल्यास ‘विना कैफियत’ आदेश होतो, पुढे दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स नीट बजावलं असेल तर हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. वडिलांची सही तिथे पुन्हा आडवी येईल.

आता अटकेचं. हा दिवाणी दावा आहे, यात पोलीस नाहीत. हरलात तरी कंपनीला आधी हुकूमनामा मिळवावा लागेल, मग त्याच्या वसुलीसाठी दरखास्त लावावी लागेल, मग जप्ती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, संहितेचं कलम ५६ तसं स्पष्ट सांगतं. पगारावर जप्ती येऊ शकते, पण पूर्ण पगारावर नाही : पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. ३८,००० च्या पगारात महिन्याला जास्तीत जास्त साधारण १२,३३३ रुपये. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. हे सगळं शेवटच्या टोकाचं झालं, तिथपर्यंत जायचं कारण तुमच्या प्रकरणात दिसत नाही.

खरा धोका त्या दोन कोऱ्या चेकमध्ये आहे. कंपनीने त्यात रक्कम भरून चेक वटवायला टाकला आणि तो परत गेला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चं (चेक न वटल्याचं) फौजदारी प्रकरण उभं राहतं. तिथे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड असू शकतो. ‘मी रक्कम भरलीच नव्हती’ हा बचाव एकटा पुरत नाही. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल तर तो देण्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. हे गृहीतक खोडता येतं, खोडायचं काम मात्र तुमचं. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगितलं की सुटलो असंही नाही, तसा परत गेलेला चेकही कलम १३८ खाली येतो. म्हणून आजच कंपनीला स्पीड पोस्टाने पोहोच मागवून आणि ईमेलने एक पत्र पाठवा : अमुक क्रमांकाचे दोन चेक रुजू होताना तारण म्हणून कोरे घेतले होते, त्या दिवशी माझ्याकडे कसलंही देणं नव्हतं, आजही ठरलेलं देणं नाही, चेक परत करा. चेकबुकाचा स्थळप्रतीचा भाग किंवा बँकेची चेक क्रमांकांची नोंद काढून ठेवा. चेक परत गेल्याची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. मागच्या नोटिशीसारखी ती ठेवून देऊ नका. (मागच्या नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून दावा हरत नाही. खासगी पक्षकारांत तशी नोटीस सक्तीचीही नसते. फक्त ‘तेव्हा गप्प का होतात?’ हा प्रश्न उलटतपासात येईल, तेवढी तयारी ठेवा.)

चार लाखांकडे येऊ. बॉण्डमधला आकडा हे नोकरी सोडण्याचं भाडं नव्हे. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिली असेल तर कोर्ट वाजवी भरपाई देईल आणि ती त्या रकमेपेक्षा जास्त नसेल. म्हणजे चार लाख हे छप्पर आहे. छपराखाली किती मिळायचं ते ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात (२०१५) सांगितलेलं सूत्र कामाला येतं : नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावं लागतं. मोजणं अशक्य किंवा फार अवघड असेल आणि लिहिलेला आकडा हा नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज असेल, तेव्हाच तो तसाच्या तसा मान्य होतो.

ट्रेनिंगचा खर्च मोजता येतो. बाहेरची संस्था होती का, तिचं बिल कुठे, परीक्षेची फी कुणी भरली, प्रवास-राहणं होतं का? तुमच्या बाबतीत ऑफिसातलेच सीनिअर शिकवत होते. त्यांचा पगार कंपनी तशीही देतच होती. सातव्या आठवड्यापासून तुमचं काम एखाद्या ग्राहकाला बिल होत असेल तर ते फारच महत्त्वाचं, टाइमशीट किंवा प्रोजेक्टची मेल सापडली तर जपा. समजा कंपनीने ट्रेनिंगचा खर्च ९०,००० रुपये दाखवला आणि तो कोर्टाला पटलाही. तरी ३६ पैकी २५ महिने तुम्ही भरले आहेत, राहिले ११. त्या प्रमाणात ९०,००० × ११ ÷ ३६ म्हणजे २७,५०० रुपये. तुमचा अडकलेला एक पगार याहून मोठा आहे! कैफियतीत हा हिशेब ‘पर्यायी म्हणणं’ म्हणून मांडायचा. मूळ म्हणणं हेच की काहीच देणं नाही.

कंपनीचा वकील विजया बँकेचा निकाल दाखवणार हे नक्की. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आणि दोन लाखांच्या बॉण्डची अट वैध ठरवली. बातम्यांतून लोकांनी ‘सगळे बॉण्ड वैध’ एवढंच लक्षात ठेवलं. त्या प्रकरणातला कर्मचारी सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेतला वरिष्ठ व्यवस्थापक होता. तिथे जागा अवेळी रिकामी झाली की पुन्हा जाहिरात, पुन्हा निवड प्रक्रिया, आणि तो सगळा खर्च बँकेला टळत नाही, हा निकालाचा कणा आहे. फ्रेशर ट्रेनीच्या जागी पुढच्या आठवड्यात दुसरा फ्रेशर घेणाऱ्या खासगी कंपनीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, हे तुमच्या वकिलाने आधीच मांडायला हवं. बॉण्ड मुळातच बेकायदा, हा युक्तिवाद मात्र त्या निकालानंतर कमजोर झालाय. त्यावर पानं खर्च करू नका, रक्कम आणि पुरावा यांवर लढा.

१०० रुपयांच्या स्टॅम्पने कराराला काही दैवी ताकद येत नाही, आणि स्टॅम्प कमी असेल म्हणून करार उडतही नाही. कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरून तो पुराव्यात घेता येतो.

कंपनी तुम्हाला परत कामावर ओढू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट बळजबरीने पाळायला लावत नाही. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यावर मनाई हुकूम मिळू शकतो. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीतल्या शिफ्ट सुपरवायझरचं निरंजन गोलिकारी प्रकरण (१९६७) त्याचंच : पाच वर्षांचा करार, मध्येच राजस्थानातल्या रेयॉन कंपनीत गेले, आणि उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम झाली. तिथे परदेशी सहकार्याने आलेलं गुप्त तंत्रज्ञान होतं. नोकरी संपल्यानंतरची ‘अमुक वर्षं या क्षेत्रात काम करायचं नाही’ ही अट करार कायद्याच्या कलम २७ खाली रद्दबातल. तुमच्या दाव्यात ‘निशाणी ५’ चा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाईची मागणी, आहे का ते बघून घ्या. असेल तर त्याला वेगळं उत्तर द्यायचं असतं.

कैफियत लिहिताना वादपत्राचा प्रत्येक परिच्छेद घेऊन स्वतंत्र उत्तर द्या. ‘वादपत्रातला सर्व मजकूर खोटा व नाकबूल’ या एका ओळीवर विसंबू नका. नेमकेपणाने नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरता येतं. ‘प्रतिवादीला एक लाख रुपयांचं ट्रेनिंग दिलं’ याला ‘नाकबूल’ एवढंच उत्तर पुरत नाही : ट्रेनिंग किती आठवडे, कुठे, कोणी दिलं, बाहेरचा खर्च झाला नाही, हे सगळं आलं पाहिजे. खरं आहे ते कबूल करा. बॉण्डवर सही तुमचीच असताना ती नाकारली तर उलटतपासात बाकीची कैफियतही पडते. व्याजाबद्दल वेगळा परिच्छेद हवा. व्यापारी व्यवहार नसेल तर हुकूमनाम्यानंतरचं व्याज सहा टक्क्यांवर जात नाही, आधीचंही कोर्ट तपासून देतं.

दस्तऐवज कैफियतीबरोबरच यादी करून द्यायचे. ऑफर लेटर, सॅलरी स्लिपा, राजीनाम्याची मेल आणि तिचा स्वीकार, नोटीस काळातली हजेरी, बँकेचं स्टेटमेंट, कागदपत्रं घेतल्याची पावती किंवा तसा उल्लेख असलेला एचआरचा व्हॉट्सॲप संदेश. मेल आणि चॅट नुसती छापून चालत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५-ब), आणि नव्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) व तज्ज्ञाचा भागही आहे. म्हणून तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. कंपनीच्या मेलबॉक्समध्ये राहिलेले कागद कोर्टामार्फत हजर करायला लावता येतात. तिथल्या जुन्या सहकाऱ्याचा पासवर्ड वापरून ते काढायच्या भानगडीत पडू नका.

पगाराची मागणी कुठे करायची, यात बरेच वकीलही घाईने चुकतात. मोह होतो तो याच दाव्यात प्रतिदावा घालून पगार मागायचा. पण वेतन संहितेखाली (पगाराबद्दलच्या नव्या कायद्याखाली) वसूल होऊ शकणाऱ्या रकमेसाठी दिवाणी कोर्टात येता येत नाही अशी हरकत कंपनी घेऊ शकते, आणि तुमचा मुद्दा अधिकारक्षेत्राच्या वादात रुततो. त्यामुळे वाटा वेगळ्या करा. पगार वेतन संहितेच्या प्राधिकाऱ्याकडे मागा, सुरुवात तुमच्या हद्दीतल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तुम्ही त्यानंतर नोकरी सोडलीत हे पथ्यावर पडलं. जुन्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० ची मर्यादा होती, ३८,००० वाल्यांना दार बंद. आता पगाराची मर्यादा नाही. राजीनाम्यानंतर देय पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. पगारातून काय कापता येतं याची यादी संहितेत आहे, बॉण्डची वादग्रस्त रक्कम त्या यादीत नाही. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. मुदत तीन वर्षं. प्राधिकारी थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे, तेवढी मिळेल असं धरून चालू नका. अर्जात महिना, रक्कम, देय तारीख आणि मागणीचं पत्र एवढं नीट मांडा.

डिग्री, मार्कशीट, चेक आणि रिलीव्हिंग लेटर यांसाठी मात्र प्रतिदावा घाला, कैफियतीसोबतच. त्याला वेगळी कोर्ट फी लागते. कंपनीने पुढे आपला दावा काढून घेतला तरी तुमचा प्रतिदावा चालू राहतो, हा त्याचा मोठा फायदा. तोवर नव्या ठिकाणी मूळ डिग्री मागितली तर डिजिलॉकरमधली प्रत दाखवा. विद्यापीठातून दुसरी प्रत काढण्यासाठी ‘हरवली’ अशी पोलीस तक्रार अजिबात देऊ नका. डिग्री हरवलेली नाही, ती कुणाकडे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि ती खोटी तक्रार याच दाव्यात तुमच्यासमोर ठेवली जाईल.

पीएफसाठी कंपनीच्या पाया पडायची गरज नाही. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर स्वतः टाकता येते. २५ महिन्यांना कायम नोकरीत ग्रॅच्युइटी बसत नाही, ती मागणी घालू नका.

ज्यांच्यावर अजून दावा झालेला नाही त्यांनी नेमणूकपत्रातलं अधिकारक्षेत्राचं कलम वाचून ठेवावं. ‘फक्त मुंबईची न्यायालयं’ असं लिहिलेलं असेल तर पाटणा-दिल्लीत नेमलेल्या कर्मचाऱ्यालाही मुंबईतच यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये ठरवलं. दाव्याची मुदत करारभंगापासून तीन वर्षं, त्यामुळे वर्षभर काही आलं नाही म्हणजे विषय संपला असं समजू नये.

तुमचा दावा लोकअदालतीत किंवा मध्यस्थीत जाईल अशी बरीच शक्यता आहे, कारण २७,५०० आणि ३८,००० यांच्यासाठी वर्षानुवर्षं तारखा घेणं कंपनीलाही परवडत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली की दावा करणाऱ्याला कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून सहीआधी तडजोडपत्र दोनदा वाचा. त्यात दोन्ही चेकचे क्रमांक घालून ते परत मिळाल्याची नोंद हवी. प्रमाणपत्रांची नावानिशी यादी हवी, रिलीव्हिंग लेटरचा मजकूर तारखेसह सोबत जोडलेला हवा, आणि नव्या कंपनीने चौकशी केल्यास काय सांगायचं तेही लिहिलेलं हवं. कागद त्याच दिवशी कोर्टात हातात घ्या. ‘ऑफिसला येऊन घेऊन जा’ असं असेल तर त्या दिवशी सही करू नका, पुढची तारीख मागा.